मेरुरज्जूतील अफू आणि परळचे रुग्णालय

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या श्रीमंतीला कापसाच्या गाठींबरोबर माळव्याच्या अफूच्या पेट्यांनीही हातभार लावला. दमणमार्गे चीनकडे जाणारा हा माल कंपनी सरकारने १८३० च्या दशकात परवान्याचे शुल्क लावून मुंबई बंदराकडे वळवला, आणि त्याच चीन-व्यापारात मोठे झालेले सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या आधाराने १८४५ मध्ये भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय सुरू झाले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. कर्करोगाच्या असह्य वेदनेवर वैद्यकाजवळ असलेले सर्वांत भरवशाचे औषध, मॉर्फिन, हे अफूच्या बोंडाच्या चिकातूनच निघते.

वनस्पतीचा हा चीक माणसाच्या वेदनेवर का चालतो, याचा उलगडा मात्र १९७० च्या दशकात झाला. मॉर्फिन ज्यांना चिकटते ते ग्राही, म्हणजे चेतापेशींवरील विशिष्ट प्रथिने, १९७३ मध्ये दाखवून देण्यात आले आणि १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून शरीराची स्वतःची अफू, एन्केफॅलिन, वेगळी केली. एन्केफॅलिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, असून तिच्यात अवघे पाच दुवे असतात. त्वचेकडून वा आतड्याकडून आलेला वेदनेचा संदेश मेरुरज्जूच्या मागील भागात, पृष्ठशृंगात, दुसऱ्या चेतापेशीला दिला जातो. तिथल्या लहान पेशी एन्केफॅलिन सोडतात, तेव्हा संदेश आणणाऱ्या तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरण्याचे मार्ग आकसून संदेशवाहक द्रव्य कमी स्रवते, आणि पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून ती सहजी उत्तेजित होत नाही. वेदना मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच अशी वाटेत क्षीण होते. एन्केफॅलिन ज्या ग्राहींवर बसून हे घडवते, मॉर्फिनही त्यांवरच बसते. १९७६ मध्ये टोनी यॅक्श व थॉमस रूडी यांनी उंदरांच्या मेरुरज्जूभोवती ते थेट सोडून हे सिद्ध केले.

इतके कळूनही, भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आणि राज्याराज्यांच्या नियमांनी परवान्यांची अशी गुंतागुंत उभी केली की, वैद्यकीय वापराला मुभा असूनही रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फिन ठेवण्यास कचरू लागले. व्यसनाच्या भीतीपोटी मरणासन्न रुग्णाला वेदनेत ठेवणे हा त्या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर दोष होता. याच काळात, १९८६ मध्ये, टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे अखेरच्या शुश्रूषेचे केंद्र उभे केले. मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम लावणारी दुरुस्ती संसदेने २०१४ मध्ये केली, तोवर मूळ कायद्याला २९ वर्षे उलटली होती.