अँटीबॉडी असूनही गोवराचा विषाणू लपतो कसा?

गोवर होऊन गेला की मूल बरं झालं असं आपण समजतो. पण क्वचित काही मुलांमध्ये विषाणू मेंदूत टिकून राहतो. साधारण सात ते दहा वर्षांनी अभ्यासात मागे पडणं, वागण्यात बदल, अंगाला झटके अशी लक्षणं दिसू लागतात. या आजाराला एसएसपीई म्हणतात. तो बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो.

विशेष म्हणजे या रुग्णांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात गोवराविरुद्धच्या अँटीबॉडी भरपूर असतात. मग विषाणू वाचतो कसा?

पेशीवर काय घडतं?

गोवराचा विषाणू पेशीत शिरला की त्याची 'एच' आणि 'एफ' ही प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. अँटीबॉडी या प्रथिनांना चिकटतात. त्यानंतर रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनं आणि संरक्षक पेशी त्या बाधित पेशीला नष्ट करू शकतात.

पण इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसणारी अँटीबॉडी एकाच वेळी दोन प्रथिनं धरते. त्यामुळे विखुरलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून पेशीच्या एका बाजूला टोपीसारखी गोळा होतात आणि गळून पडतात. पृष्ठभागावरची खूणच पुसली जाते. या प्रक्रियेचं नाव 'अँटिजेनिक मॉड्युलेशन'.

परिणाम पेशीच्या आतही

अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट फुजिनामी आणि मायकल ओल्डस्टोन यांनी १९७९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रयोगशाळेतल्या बाधित पेशींना अँटीबॉडी बाहेरून चिकटल्या, तरी पेशीच्या आतली विषाणूची काही प्रथिनंही कमी झाली. म्हणजे विषाणू संपला नाही, फक्त शांत झाला.

एसएसपीईचं हे एकमेव कारण नाही. मेंदूत टिकलेल्या विषाणूच्या जनुकांत, विशेषतः 'एम' प्रथिनाच्या जनुकात, बदल झालेले आढळतात. त्यामुळे नवे विषाणू नीट तयार होत नाहीत, पण संसर्ग चालूच राहतो.

मग उपाय काय?

एसएसपीई पूर्ण बरा करणारं औषध नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका जास्त असतो. भारतातल्या लसीकरणात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत दिला जातो. लसीमुळे एसएसपीई होत नाही. उलट, लस गोवरच टाळते आणि विषाणूला लपायची संधी मिळत नाही.