मत्स्यतळ्यातील औषधे : मात्रा, मर्यादा आणि बंदी

शेततळी आणि गावतळ्यांमध्ये कटला, रोहू, मृगळ या माशांचे संवर्धन करणारे शेतकरी अनेकदा रोगाचे निदान होण्याआधीच औषधाकडे वळतात. जनावराला दिलेले औषध त्याच्या पोटात जाते; तळ्यात टाकलेले औषध मात्र मासा, पाणी, प्लवंग आणि तळाचा गाळ या सर्वांमध्ये पसरते. त्यामुळे कोणते रसायन कशासाठी आहे आणि कोणते कायद्याने वर्ज्य आहे, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

तळ्याची पूर्वतयारी

मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील उपद्रवी मासे काढण्यासाठी मोहाची पेंड हेक्टरी २,५०० किलो या प्रमाणात (पाण्याची खोली १ मीटर असताना) वापरली जाते. तिच्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे मासे मरतात. हा विषारी परिणाम साधारण १५ ते २० दिवस टिकतो; त्यानंतर हीच पेंड खताचे काम करते. म्हणून पेंड टाकल्यावर सुमारे तीन आठवडे बीज सोडू नये. चुन्याची मात्रा मातीच्या सामूवर अवलंबून असते. उदासीन मातीस हेक्टरी २०० ते २५० किलो चुना पुरतो, आम्लधर्मी मातीस अधिक लागतो.

मात्रेचे गणित

तळ्यातील औषधांची मात्रा पीपीएममध्ये सांगितली जाते. १ पीपीएम म्हणजे १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम. दहा गुंठ्यांच्या, सरासरी दीड मीटर खोल तळ्यात सुमारे १५ लाख लिटर पाणी असते. त्यात २ पीपीएम पोटॅशियम परमँगनेट द्यायचे झाल्यास ते ३ किलो लागते. उन्हाळ्यात पाणी मीटरभर उरले असताना जुन्याच हिशेबाने औषध टाकले, तर मात्रा दीडपट होते. म्हणून प्रत्येक वेळी खोली मोजणे आवश्यक आहे. फॉर्मालिनचा वापर तर अधिकच जपून करावा लागतो. दर ५ पीपीएम फॉर्मालिनमागे पाण्यातील प्राणवायू सुमारे १ पीपीएमने घटतो.

रोग तसा उपाय

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर तो बहुधा रोग नसून प्राणवायूची कमतरता असते. अशा वेळी औषध नव्हे, ताजे पाणी किंवा वायुवीजन यंत्र उपयोगी पडते. अंगावर खोल जखमा करणारा अल्सर रोग (ईयूएस) १९८८ मध्ये भारतात ईशान्येकडील राज्यांत प्रथम आढळला. त्याचे मूळ बुरशीसदृश जीवात असल्याने प्रतिजैविकांनी तो बरा होत नाही. या रोगासाठी भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सीफॅक्स’ हे औषध विकसित केले.

माशांच्या उवा, अर्थात अर्ग्युलस, हा कवचधारी परजीवी आहे. त्यावर सायपरमेथ्रिनसारखी शेतीची कीटकनाशके सर्रास ओतली जातात. परंतु ती माशांनाही अत्यंत विषारी असतात, तसेच कटल्याचे खाद्य असलेले प्राणिप्लवंग आणि तळ्यातील कोळंबीही मारतात. उवा कठीण पृष्ठभागावर अंडी घालतात. म्हणून पाण्यात बांबू किंवा लाकडी फळ्या ठेवून, त्या ठरावीक दिवसांनी काढून उन्हात वाळवणे हा बिनविषारी उपाय ठरतो.

बंदी आणि अवशेष

प्रतिजैविकांचा उपयोग केवळ जिवाणूजन्य रोगांत होतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधे मत्स्यसंवर्धनात वर्ज्य आहेत. पैकी क्लोरॅम्फेनिकॉलमुळे माणसात रक्तपेशी निर्माण होण्याची प्रक्रियाच थांबू शकते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली. २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्याबाबतही तसाच आदेश निघाला. पूर्वी बुरशीवर वापरले जाणारे मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य माशाच्या चरबीत दीर्घकाळ साठून राहते. खाद्यमाशांसाठी ते निषिद्ध आहे.

ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या अवशेषासाठी ०.१ पीपीएम ही मर्यादा आहे. त्यामुळे औषध बंद केल्यानंतर ठरावीक काळ मासे विक्रीस काढता येत नाहीत. अमेरिकेत हा काळ २१ दिवसांचा आहे. न खाल्लेले औषधयुक्त खाद्य गाळात साचते आणि तेथील जिवाणू औषधाला सरावतात. पुढे खरोखर गरज भासते, तेव्हा तेच औषध निष्प्रभ ठरते, आणि ही प्रतिकारक्षमता माणसाला रोग देणाऱ्या जिवाणूंपर्यंतही पोहोचू शकते.

विक्रीच्या टप्प्यावर मासे टिकवण्यासाठी फॉर्मालिन लावणे हा वेगळा आणि बेकायदा प्रकार आहे. २०१८ मध्ये गोव्याने आणि २०१९ मध्ये बिहारने याच संशयावरून परराज्यांतील माशांवर काही काळ बंदी घातली होती. त्याचा फटका निर्दोष उत्पादकांनाही बसला.

बीज सोडण्यापूर्वी बोटुकली मिठाच्या ३ टक्के द्रावणात काही क्षण बुडवून घेणे, दाटी टाळणे, खाद्य मोजून देणे आणि रोगट माशाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे, एवढी दक्षता घेतल्यास औषधाची बाटली उघडण्याची वेळ क्वचितच येते.