पुराव्याचे वजन : व्यावसायिक सायकल शर्यती आणि उत्तेजकांचा प्रश्न

लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 या काळात सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकली. त्या वर्षांत त्याचे नमुने पुनःपुन्हा तपासले गेले, पण एकाही तपासणीवरून त्याच्यावर बंदी आली नाही. पुढे ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजारावर पानांचे पुरावे प्रसिद्ध केले आणि सातही विजेतेपदे गेली. त्या पुराव्यांचा कणा होता 26 जणांच्या शपथेवरील जबान्या. त्यांत त्याचेच 11 जुने सहकारी सायकलपटू होते. क्रिस फ्रूमचे प्रकरण याच्या उलट आहे. 2017 च्या व्हुएल्टा शर्यतीत त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉल हे दम्यावरचे औषध मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आढळले. अनेक महिने चौकशी चालली आणि जुलै 2018 मध्ये, नियमभंग झालेला नाही असा निर्वाळा देऊन जागतिक सायकल संघटनेने प्रकरण मिटवले.

एकावर तपासणीवरून बंदी आली नाही आणि तरी तो दोषी, दुसऱ्याचा आकडा मर्यादेबाहेर आणि तरी तो निर्दोष. हे दोन्ही निर्णय शांतपणे समजून घ्यायचे असतील, तर कोणता पुरावा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे आधी कळायला हवे. त्या अभ्यासाची ही प्रस्तावना आहे. या विषयात रसायनशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, कायदा आहे, इतिहास आहे आणि पत्रकारिताही आहे. यांतले एकही शास्त्र येत नसलेल्या वाचकाचेही इथे स्वागत आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारे स्पर्धक ज्यांनी पाहिले आहेत आणि ‘घाटाचा राजा’ या किताबाची किंमत जे जाणतात, त्यांना या खेळाचे मर्म वेगळे सांगायला नको. शर्यत चढावर ठरते, चढावर श्वास कमी पडतो, आणि ज्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी जास्त, त्याला तो थोडा उशिरा कमी पडतो. गेल्या तीन-चार दशकांतल्या बहुतेक प्रकरणांचे मूळ या एका वाक्यात आहे.

आधी थोडा इतिहास. 1924 च्या टूरमधून बाहेर पडलेल्या पेलिसिए बंधूंनी आल्बेर लोंद्र या पत्रकाराला आपल्याजवळचे कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या उघड दाखवल्या होत्या. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही, कारण तेव्हा ते निषिद्धच नव्हते. फ्रान्सने उत्तेजकांविरुद्ध कायदा केला 1965 मध्ये. पुढच्याच वर्षी टूरमध्ये बोर्दो इथे पहिल्यांदा तपासणी झाली, तेव्हा सायकलपटूंनी निषेध म्हणून दुसऱ्या दिवशी काही अंतर सायकली हातात धरून पायी कापले. 13 जुलै 1967 रोजी टूरमधल्या मों व्हांतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडले. म्हणून कोणतेही जुने प्रकरण वाचताना त्या वर्षी कोणता नियम होता आणि कोणती तपासणी उपलब्ध होती, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत.

इतिहासाबाबत एक सावधगिरीही हवी. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये क्नुद एनेमार्क येन्सन हा डॅनिश सायकलपटू मरण पावला. अँफेटामाइनने घेतलेला बळी म्हणून त्याचे नाव पुस्तकामागून पुस्तकात येत राहिले. शवविच्छेदनाच्या अधिकृत निष्कर्षात मात्र मृत्यूचे कारण उष्माघात असे दिले होते. एखादी गोष्ट दहा ठिकाणी छापली गेली म्हणून तिचे दहा पुरावे होत नाहीत. त्या दहांनी ती कुठून घेतली, हे शोधावे लागते.

आता पुराव्यांकडे वळू. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाच्या साधनांची जी विभागणी केली आहे, ती इथे थेट उपयोगी पडते. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द, म्हणजे विश्वसनीय माणसाची साक्ष, ही साधने वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे दोषही वेगळे आहेत. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण धूर अग्नीवाचून होत नाही. उलट दिशेने हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. आर्मस्ट्राँगच्या तपासण्यांत बंदी घालावी इतका धूर दिसला नाही, एवढेच त्या तपासण्या सांगत होत्या.

प्रयोगशाळेतली तपासणी प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळची. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे संप्रेरक मूत्रपिंडे तयार करतात आणि त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात. ते कृत्रिमरीत्या तयार होऊ लागले आणि 1990 च्या दशकात सायकल संघांत पसरले, तेव्हा ते ओळखण्याची तपासणीच नव्हती. म्हणून 1997 मध्ये संघटनेने रक्तातल्या पेशींच्या प्रमाणावर, म्हणजे हेमॅटोक्रिटवर, 50 टक्क्यांची मर्यादा घातली. 5 जून 1999 रोजी मार्को पान्तानी जिरो द इटालिया जिंकण्याच्या उंबरठ्यावर होता. त्याचा आकडा 52 निघाला आणि त्याला शर्यतीतून बाहेर काढले गेले. नियमाच्या भाषेत ती आरोग्यासाठी दिलेली सक्तीची विश्रांती होती, ईपीओ सापडल्याचा निष्कर्ष नव्हे. याच मर्यादेचा दुसरा परिणाम असा, की 49 पर्यंत पोचायला जणू परवानगी मिळाली आणि संघांच्या सामानात रक्त मोजण्याची यंत्रे आली. लघवीतून कृत्रिम ईपीओ ओळखण्याची फ्रेंच शास्त्रज्ञांची पद्धत 2000 मध्ये प्रसिद्ध झाली.

पदार्थ सापडला तरी प्रश्न संपत नाही. 2006 च्या टूरमध्ये फ्लॉइड लँडिसच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे एपिटेस्टोस्टेरॉनशी प्रमाण 11 ला 1 निघाले. मर्यादा होती 4 ला 1. लवादाने ही पहिली तपासणी नियमांप्रमाणे झाली नाही असे मान्य केले आणि तिला बाजूला ठेवले. तरीही लँडिस दोषी ठरला, कारण दुसरी तपासणी टिकली. कृत्रिम टेस्टोस्टेरॉन वनस्पतींतल्या द्रव्यांपासून बनवतात आणि त्यातल्या कार्बनच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण शरीरात बनलेल्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा वेगळे असते. ते प्रमाण मोजले की बाहेरचे कोणते आणि घरचे कोणते, हे कळते. 2010 मध्ये लँडिसने स्वतःच कबुली दिली. प्रयोगशाळेची एक चूक दाखवली की सगळा पुरावा कोसळतो असे समजणाऱ्याने हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

आल्बेर्तो कोन्तादोरचे प्रकरण याहून अवघड. 2010 च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे निषिद्ध औषध सापडले, एका मिलिलीटरमध्ये फक्त 50 पिकोग्रॅम. दूषित मांसातून ते आले असे तो म्हणाला. साठवलेले रक्त परत चढवताना ते आले असावे, असे विरुद्ध बाजूने सुचवले. फेब्रुवारी 2012 मध्ये क्रीडा लवादाने दोन्ही शक्यतांपेक्षा दूषित पूरक आहाराची शक्यता अधिक मानली आणि तरीही दोन वर्षांची बंदी दिली. नियमानुसार शरीरात काय सापडले याची जबाबदारी सायकलपटूची असते आणि ते कुठून आले हे दाखवण्याचे ओझेही त्याच्यावरच असते. म्हणजे हा निकाल जबाबदारीविषयी ठामपणे बोलतो, हेतूविषयी बोलत नाही. वाचकानेही त्यातून हेतू काढू नये.

दुसरे साधन अनुमान. 2008 पासून सायकल संघटनेने जैविक पासपोर्ट सुरू केला. यात पदार्थ शोधत नाहीत. एकाच माणसाचे हिमोग्लोबिन आणि कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदवतात आणि त्याची तुलना त्याच्याशीच करतात. रक्त चढवले किंवा ईपीओ घेऊन थांबवले, की शरीर नव्या पेशी बनवणे कमी करते. हिमोग्लोबिन वर आणि कोवळ्या पेशी खाली, ही त्याची खूण. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तातला द्रव वाढून हिमोग्लोबिन सहसा उतरते, ते उतरलेच नाही तर तज्ज्ञ थबकतात. पण उंचावरचा सराव, निर्जलीकरण आणि आजार यांनीही आकडे हलतात. म्हणून सायकलपटूचे नाव न कळवता तीन तज्ज्ञांकडून नोंदी तपासून घेतात. रोमान क्रॉयझिगरचे पासपोर्ट प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेले आणि सुनावणीच्या तोंडावर, जून 2015 मध्ये, संघटनेने ते मागे घेतले. असे प्रकरण मागे घेता येणे हेही निरोगी व्यवस्थेचे लक्षण आहे.

इथे संख्याशास्त्राची एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. स्वच्छ माणसात हजारातून एकदाच दिसेल असा आकडा आपण संशयास्पद ठरवला आणि हजार स्वच्छ माणसे तपासली, तर त्यांतल्या एकाच्या नावावर तो आकडा येण्याची अपेक्षा धरावी लागते. आकडा दुर्मीळ आहे एवढ्यावरून माणूस दोषी असण्याची शक्यता ठरत नाही. त्या गटात प्रत्यक्ष उत्तेजके घेणारे किती आहेत आणि इतर पुरावे कोणत्या दिशेला बोट दाखवतात, हेही जमेस धरावे लागते.

घाटावरच्या वेळेवरून केलेले अनुमान सर्वांत मोहक, म्हणून सर्वांत धोक्याचे. हिशेब सोपा आहे. सायकलसह 70 किलो वजन तासाला 1600 मीटर उंची या वेगाने वर न्यायचे तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 305 वॉट शक्ती लागते. पुढे मात्र अंदाज सुरू होतात. वारा कुठून होता, रस्ता कसा होता, पुढे सहकारी किती वेळ होता, माणसाचे खरे वजन किती, यांतले प्रत्येक उत्तर आकडा थोडा सरकवते. 2024 च्या टूरमध्ये तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ पान्तानीच्या 1998 च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी वेळात पार केला. पोगाचार कोणत्याही तपासणीत दोषी ठरलेला नाही. मधल्या 26 वर्षांत टायर, सायकली, कपडे, शर्यतीतला आहार आणि संघांचे डावपेच बदलले. वेगवान वेळ हा चौकशीचे प्रश्न विचारण्याचे रास्त कारण आहे, पण ती स्वतः निकाल नव्हे. न्यायशास्त्राच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू आहे, कारण तो दोषी आणि निर्दोष या दोघांतही आढळतो.

तिसरे साधन साक्ष आणि तिच्या जोडीला कागद व वस्तू. या खेळातले मोठे स्फोट प्रयोगशाळेबाहेर झाले आहेत. जुलै 1998 मध्ये फेस्टिना संघाचा मदतनीस विली वुट याची गाडी सीमेवर अडवली आणि तीत ईपीओचा साठा सापडला. 2006 मध्ये माद्रिदला डॉ. एउफेमियानो फुएन्तेस यांच्याकडे सांकेतिक खुणांच्या रक्तपिशव्या पोलिसांनी जप्त केल्या. त्यांतल्या 18 क्रमांकाच्या पिशवीतला डीएनए आलेहान्द्रो वाल्वेर्देच्या 2008 मध्ये इटलीत घेतलेल्या नमुन्याशी जुळला आणि 2010 मध्ये त्याच्यावर बंदी आली. सांकेतिक खूण हा अंदाज होता, डीएनएने तिला माणूस जोडून दिला. साक्षीदाराची पारख करताना त्याचा स्वार्थ पाहावा, हे खरे. सवलतीच्या आशेने बोलणारा सहकारी आणि सवलतीचा प्रश्नच नसताना बोलणारी, आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करणारी एमा ओरायली यांच्या शब्दांचे वजन वेगवेगळे. पण परस्परांशी संगनमत नसलेले अनेक जण बारीक तपशिलांत जुळत असतील, तर प्रत्येकाचा स्वार्थ वेगळा काढूनही काही ऐवज शिल्लक राहतो. आर्मस्ट्राँगच्या प्रकरणात तो भरपूर उरला.

पुरावा कोणापुढे मांडला जातो, यावरही त्याचे वजन अवलंबून असते. ऑगस्ट 2005 मध्ये ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाने आर्मस्ट्राँगच्या 1999 च्या साठवलेल्या नमुन्यांत ईपीओ सापडल्याचे छापले. ती तपासणी संशोधनासाठी झाली होती आणि पडताळ्यासाठी लागणारा दुसरा नमुना उरलेला नव्हता, म्हणून त्यावर शिक्षा होऊ शकली नाही. इतिहासकाराला मात्र तो पुरावा दुर्लक्षून चालणार नव्हते. क्रीडा लवादाची कसोटी फौजदारी न्यायालयापेक्षा सौम्य आणि केवळ ‘अधिक शक्य’ यापेक्षा कडक असते. ‘शिक्षा झाली नाही’, ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘घडले नाही’ ही तीन वेगळी विधाने आहेत, आणि या क्षेत्रातले निम्मे वाद ती एकमेकांत मिसळल्याने होतात.

एवढी काटेकोर पारख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर क्रिस्तोफ बासों हा सायकलपटू आहे. फेस्टिना संघातल्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये पोलिसांना सांगितले, की आमच्यात हा एक काही घेत नव्हता. निर्दोषत्व सिद्ध करणारी तपासणी अस्तित्वात नाही. बासोंला मिळाली ती साक्ष दोषींची होती, म्हणूनच ती मोलाची. पुढच्याच वर्षी उत्तेजकांविषयी उघड लिहिल्याबद्दल त्याला टूरमध्ये एकटे पाडले गेले आणि शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. भोळा विश्वास अशा माणसाची विजेतेपदे दुसऱ्याच्या हाती देतो. सरसकट संशय त्यालाही चोरांच्या रांगेत उभा करतो. दोन्हींत अन्याय त्याच्यावरच होतो.

म्हणून या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती. पुढच्या वेळी एखाद्या सायकलपटूवर आरोप झाल्याचे वाचाल, तेव्हा पदार्थ सापडला आहे, अनुमान केले आहे की कोणी साक्ष दिली आहे, हे आधी पाहा. तो पुरावा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते ठरवा. मग तुमचे मत त्या पुराव्याला पेलेल इतकेच ठाम करा, आणि नवा पुरावा आला तर ते बदलायला तयार राहा.