फिकट हिरव्या भिंतीची गोष्ट



घराला रंग काढायचा ठरला की रंगाच्या दुकानातून शेडकार्ड घरी येतं. बैठकीच्या खोलीवरून वाद होतात. पण झोपायच्या खोलीला फिकट, थंडसर हिरवा म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. डोळ्यांना गारवा, मनाला शांतता! पण एके काळी हिरवी भिंत लोकांच्या जिवावर उठली होती. आजची गोष्ट त्या भिंतीची.

निसर्गात हिरवा सगळीकडे दिसतो, पण भिंतीवर टिकणारा हिरवा मिळवणं फार अवघड होतं. पानांपासून केलेले रंग उडून जात, दगड कुटून केलेले महाग पडत. 1775 मध्ये कार्ल विल्हेल्म शील या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून स्वस्त हिरवा रंग बनवला. आर्सेनिक म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडचा सोमल होतो ते. पुढे 1814 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला त्याहून चमकदार आणि टिकाऊ प्रकार निघाला. त्यात पांढरा मिसळा आणि हवा तितका फिकट करा.

इंग्लंडमध्ये त्याची लाट आली. 1836 मध्ये तिथला वॉलपेपरवरचा कर उठला, छपाई यंत्रावर होऊ लागली आणि मध्यमवर्गीयांच्या भिंतीही कागदाने सजल्या. बाहेर कोळशाचा धूर, आत अंधारलेल्या खोल्या. अशा घरात हिरवळीचा भास कुणाला नको असेल?

मग घरातली माणसं आजारी पडू लागली. कागदावरची रंगाची भुकटी झडून हवेत मिसळायची. 1839 मध्येच लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सावध केलं होतं, की असा कागद लावलेल्या ओल्या खोल्यांत एक विचित्र वास येतो आणि तो घातक आहे. 1862 मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली चार मुलं पाठोपाठ दगावली. डॉक्टरांनी बोट दाखवलं ते खोलीतल्या हिरव्या कागदाकडे.

मग हे थांबलं का नाही? कारण शेजारच्या घरात तोच कागद असायचा आणि तिथली माणसं ठणठणीत! 1890 च्या दशकात इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने यातला एक धागा उलगडला. ओल धरलेल्या कागदावर, खळीवर बुरशी वाढते आणि ती रंगातल्या आर्सेनिकपासून वायू तयार करते. वायूने नेमकं किती नुकसान केलं आणि झडलेल्या भुकटीने किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण ओली खोली आणि कोरडी खोली यांत फरक का पडावा, हे तरी कळलं.

दुसरं कारण पैशाचं. विल्यम मॉरिस हे नाव वॉलपेपरच्या नक्षीसाठी जगभर ओळखलं जातं. त्याच्या घराण्याचे शेअर डेव्हनमधल्या एका मोठ्या खाणीत होते आणि तो स्वतः काही काळ तिचा संचालक होता. ती खाण तांब्याची, पण पुढे आर्सेनिकच्या धंद्यात ती जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाली. डॉक्टरांची भीती त्याला खुळचटपणा वाटायची. तिकडे अमेरिकेत 1860 च्या दशकापासून शेतकरी बटाट्यावरची कीड मारायला तीच हिरवी भुकटी वापरू लागले होते. शेतात जे कीटकनाशक, तेच घरात पाळण्यामागच्या भिंतीवर!

ब्रिटनमध्ये असा कागद बंद करणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाइकं दुकानात विचारू लागली, ‘यात आर्सेनिक नाही ना?’ आणि कारखानदारांना रंग बदलावा लागला.

बदनाम झालेल्या हिरव्याला पुन्हा मान मिळाला तो दवाखान्यात. 1914 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन हॅरी शर्मन पांढऱ्याशुभ्र शस्त्रक्रियागृहातल्या चकाकीने त्रासले होते. लाल रक्ताकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर नेली की तिथे हिरवट डाग तरळतात. भिंतीच हिरव्या केल्या तर डोळ्यांना विसावा मिळतो. तिथून हा रंग शाळा आणि कचेऱ्यांमधून फिरत घरात आला. टायटॅनियमचा पांढरा आणि 1930 च्या दशकात निघालेला थॅलो हिरवा, अशी आर्सेनिक नसलेली रंगद्रव्यंही त्याला मिळाली.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या भिंतींना आर्सेनिकची भीती नाही, पण जुन्या हिरव्या ऑइलपेंटमध्ये बरेचदा क्रोम पिवळा असायचा आणि क्रोम पिवळा म्हणजे शिशाचं संयुग. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त नसावं, असा नियम भारतात 2016 मध्ये झाला. त्याआधीचे थर आजही कितीतरी दारं-खिडक्यांवर आहेत. म्हणून जुना ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून घासायला सांगा, भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि तेवढे दिवस लहान मुलांना, गरोदर बाईला दुसरीकडे ठेवा. भिंतीला ओल असेल तर आधी ओल काढा, मग रंग द्या.

आणि शेडकार्डावर बोट ठेवण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा, ‘यात काय आहे?’ दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाने घरं वाचवली होती.