१६/३३०, खजूर रोड

एके काळी ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला एकच गाणे असे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीत उतरला, तेव्हापासून आपल्या गवयांना सारा राग जेमतेम तीन मिनिटांत आटोपावा लागला. पुढे लाँग-प्ले तबकडी आली, कॅसेट आली, आणि गाण्यांचा संच एकदम विकावयाची रीत पडली. ही रीत सोडून पुन्हा एकेका गाण्यावर येण्याचा प्रयोग राजधानीतील ‘इंडियन ओशन’ ह्या वाद्यवृंदाने २०१० साली केला.

सुस्मित सेन ह्यांची गिटार आणि आशीम चक्रवर्ती ह्यांचा तबला व कंठ ह्यांच्या मैत्रीतून १९९० साली हा वृंद दिल्लीत उभा राहिला. पुढे राहुल राम व अमित किलम त्यांस मिळाले. त्यांच्या संगीताला रॉक म्हणावे, तर मधूनच तबला बोलू लागतो; देशी म्हणावे, तर गिटार ऐकू देत नाही. २००० सालच्या ‘कंदिसा’ ह्या संचातील शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती लोकांच्या अरमाइक प्रार्थनेवरून घेतलेले आहे, तर ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गाणे आहे. राहुल राम नर्मदा आंदोलनात वावरलेले होते. मणिबेली गावाचे नाव ज्याने ऐकले आहे, त्या मराठी श्रोत्यास ते गाणे परके वाटू नये.

करोलबागेतील एका जुन्या बंगल्यात ही मंडळी वर्षानुवर्षे सराव करीत. त्याचा पत्ता १६/३३०, खजूर रोड. नव्या संचास त्यांनी तोच पत्ता नाव म्हणून दिला. बदलीच्या हुकुमासरशी क्वार्टरचा क्रमांक विसरणाऱ्या आम्हां नोकरदारांना ह्या निष्ठेचा किंचित हेवा वाटल्यावाचून राहत नाही!

पण संच बाहेर पडण्यापूर्वीच, २५ डिसेंबर २००९ रोजी, आशीम चक्रवर्ती निवर्तले. त्यांचा आवाज मात्र मुद्रित झालेला होता. जुलै २०१० मध्ये ‘चाँद’ हे पहिले गाणे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाले आणि मग दरमहा एक, अशी सात गाणी श्रोत्यांच्या हाती आली. त्यांत ‘डरते हो’चे शब्द उर्दू कवी नून मीम राशिद ह्यांचे आहेत. मृताच्या पहिल्या वर्षी आपल्याकडे मासिक श्राद्ध करतात, त्याची आठवण व्हावी असाच हा क्रम होता. सातही गाणी एकदम हाती पडती, तर एका बैठकीत ऐकून संपली असती. महिन्याच्या अंतरामुळे प्रत्येकास पुरता अवधी मिळाला आणि गेलेल्या गायकाची पुन्हा पुन्हा वाट पाहावी लागली. माझ्या मते, विनामूल्य देण्यापेक्षा हे थांबणेच ह्या प्रयोगात अधिक मोलाचे होते.

आशीम ह्यांच्या जागी गायनास हिमांशु जोशी व तबल्यास तुहीन चक्रवर्ती आले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही वृंदातून बाहेर पडले, आणि २०१४ चा ‘तंदानू’ हा संच राहुल राम व अमित किलम ह्यांनी नव्या सोबत्यांसह काढला.