मॅट्रिकला दुसरी भाषा कुठली?

आमच्या टीममध्ये एक पेणकर आहे आणि एक रोहेकर. जेवणाच्या सुट्टीत दोघांचा सामना ठरलेला. रोहेकर म्हणणार, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख आमचे. पेणकर म्हणणार, विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. चालू द्या.

मला मजा वाटते ती तारखांची. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५, चिंतामणरावांचा १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. बालपण रोह्याकडे गेलं. म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं अंतर आणि जिल्हाही एकच, तेव्हाचा कुलाबा. दोघांनी परीक्षाही एकच दिली, मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक. देशमुख १९१२ ला, विनोबा बडोद्याहून १९१३ ला.

आता ही मॅट्रिक काय भानगड होती ते समजायचं तर मुंबईच्या एका शाळेकडे वळावं लागतं. एल्फिन्स्टन हायस्कूल. सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने धोबीतलावाकडे जाताना तिच्या जुन्या दगडी इमारतीवरून आपण शंभरदा गेलेलो असतो, मान वर करून बघितलेलं नसतं. गव्हर्नर एल्फिन्स्टन १८२७ मध्ये परत निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. पुतळा-बितळा ठीक आहे, पण हा पैसा शिक्षणासाठी होता! त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या सगळ्या खटपटीत जगन्नाथ शंकरशेट आघाडीवर होते. १८५६ मध्ये कॉलेज वेगळं झालं आणि हायस्कूल हायस्कूल राहिलं. १८५९ ला विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. न्या. रानडे त्यात पास झाले. पुढे १८६२ च्या पहिल्या चार बी.ए. पैकी एक, वामन आबाजी मोडक, याच हायस्कूलचे प्रिन्सिपॉल झाले.

शाळा सरकारी होती, हे महत्त्वाचं. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत घेतलं नाही, त्याने अर्ज केला, प्रकरण थेट लंडनपर्यंत गेलं. १८५८ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी सांगितलं की सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर खुल्या, हे अर्थात आलंच. पण तो कागद होता म्हणून निदान दार तरी उघडलं.

त्या दारातून पुढे भीमराव आंबेडकर आत आले. परळच्या चाळीतल्या छोट्या खोलीत राहून अभ्यास करणारा मुलगा. वर्गात एकदा भूमितीचा प्रश्न सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावलं, तर बाकीची पोरं धावली आणि फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे आधी उचलले. विटाळ नको म्हणून. ही मुंबईतली गोष्ट बरं का, खेड्यातली नव्हे. त्यांना संस्कृत शिकायचं होतं, मिळालं नाही. नाइलाजाने फारसी घेतली. १९०७ ला मॅट्रिक पास, ७५० पैकी २८२. आकडा बघून नाक मुरडणाऱ्यांनी ती खोली आणि ते डबे आठवावेत.

पाचच वर्षांनी त्याच परीक्षेत देशमुख विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. मुलगा हुशार होताच, प्रश्नच नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याइतकं संस्कृत त्यांनी आयुष्यभर जपलं. पण संस्कृतच्या वर्गात बसायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

आणि आपले गागोद्याचे विनोबा? त्यांनी मॅट्रिकला फ्रेंच घेतली! वडिलांची इच्छा होती म्हणून. संस्कृत नंतर स्वतःचं स्वतः शिकले आणि गीताई लिहिली. सर्टिफिकेटं तर १९१६ मध्ये चुलीत घातली. (हे वाचून लगेच आपल्या मार्कशीटकडे कुणी बघू नये. पासपोर्टला लागते.)

फरक बघा. एकाने संस्कृत घेतलं, एकाने सोडलं, एकाला घेऊच दिलं नाही. सर्टिफिकेट जाळायलासुद्धा आधी ते सहज मिळालेलं असावं लागतं, असं मला वाटतं. विनोबांना कमी लेखायचं नाहीये. पण मॅट्रिक झाल्याबद्दल ज्याचा समाजाने जाहीर सत्कार केला, तो ते कसं जाळणार?

आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयावर ग्रंथ लिहिला, देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, आणि १९५०-५१ मध्ये दोघं नेहरूंच्या एकाच मंत्रिमंडळात होते. एक कायदामंत्री, एक अर्थमंत्री. देशमुख १९५२ ला निवडून आले तेही कुलाब्यातून.

संस्कृत आंबेडकरही पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत देशाची राजभाषा कुठली यावर रण माजलेलं असताना, संस्कृत करा म्हणणाऱ्या दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्यांत त्यांचं नाव होतं.