सहानंतरचं लेकरू

माझ्या ओट्यावर रोज सकाळी नऊ जोडी चपला असतात, सगळ्या वीतभराहूनही लहान. संध्याकाळी सहाला त्या एकेक करून उठतात. गेल्या ऑक्टोबरात मात्र एक जोडी आठ-आठ वाजेपर्यंत तिथंच असायची. ते लेकरू अडीच वर्षांचं. बाकीची गेली की ते दाराच्या चौकटीला टेकून बसायचं आणि रस्त्यावरून टमटम गेला की मान वर करायचं.

शिरूर अनंतपाळमध्ये माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी पाळणाघर चालवते. पाटी लावलेली नाही. 'काकूकडं लेकरू ठेवलंय' एवढीच त्याची ओळख. दोन शिक्षिका, एक नर्स, एक शिलाईकाम करणारी आणि बाकीच्या रोजानं जाणाऱ्या, अशा या आया. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी. गुत्त्यानं घेतलेलं रान संपल्याशिवाय बायांना परतता येत नाही. त्यात परतीचा पाऊस आला, की बनीम झाकून होईपर्यंत कुणी हलत नाही.

मी त्याच महिन्यात एक नियम केला होता. सहानंतर दर अर्ध्या तासाला दहा रुपये. शिक्षिकांनी मान डोलावली. त्या लेकराच्या आईनं पहिल्या दिवशी कनवटीचे चाळीस रुपये मोजून दिले, दुसऱ्या दिवशीही दिले. तिसऱ्या आठवड्यात ते लेकरू यायचं बंद झालं. मला वाटलं, आजारी असेल. मग एका दुपारी दुकानापुढं दिसलं, थोरल्या बहिणीच्या कडेवर. बहीण तिसरीत. वेळ दुपारी एकची, शाळेची.

माझ्या दहा रुपयांनी तिची शाळा सुटली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलवर वाचत बसले, आणि नंतरही बरेच दिवस वाचत राहिले. लेकरू सांभाळायची वेळ ठरवली कुणी, एवढंच मला शोधायचं होतं.

भोंगा आणि बाळागोळी

आपल्याकडं या प्रश्नाला पहिल्यांदा घड्याळ लागलं ते मुंबईच्या कापड गिरण्यांत. शेतातही बाया राबत होत्याच, पण तिथं लेकरू बांधावर झोळीत असायचं. गिरणीचा भोंगा झाला की फाटक बंद. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानं कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, तीच सुधारणा मानली गेली. अकरा तास काम, वर जाणं-येणं. तेवढा वेळ तान्हं बाळ कुठं ठेवायचं?

पुष्कळ घरांत उत्तर होतं अफू. 'बाळागोळी' म्हणून अफू घातलेली छोटी गोळी मिळायची. ती चाटवली की बाळ गुंगीत पडून राहायचं. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारनं डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ चा. या कामगार बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. हे वाचून आधी त्या आयांचा राग आला. मग जाणवलं, की बाळाला भोंग्याच्या मापात बसवायचं दुसरं कुठलंच साधन त्यांच्या हातात नव्हतं.

पुढं कायदे आले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२९ ला तो कायदा झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आला. २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यावं लागतं.

कागदावर हे सगळं चांगलंच आहे. पण प्रत्येक कायद्याला एक फाटक आहे आणि कामगारांचा एक आकडा आहे. सोयाबीनच्या रानाला फाटक नसतं. गुत्तं घेणाऱ्या आठ जणींची टोळी कुठल्याच आकड्यात बसत नाही.

बाभळीची झोळी

रानातल्या बायांची लेकरं सरकारी कामावर दिसली ती दुष्काळात. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, रस्ते, खडी. खायला सुकडी.

माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती. माझे वडील तेव्हा वर्षाचे. आजी सांगायची, "बाभळीला लुगड्याची झोळी बांधली, अन् तुझ्या आत्याला बसवलं दोरी ओढाया." आत्या आठ वर्षांची. मजुरी कामाच्या मापावर. दूध पाजायला आजी उठली, की तेवढी खडी कमी. म्हणून ती दोनदाच उठायची. मधल्या वेळात आत्या बाळाच्या तोंडात सुकडीचं बोट द्यायची.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, ती कायम आजीच्या कष्टाची गोष्ट म्हणून. आत्या शाळेत का गेली नाही, हे त्याच गोष्टीत आहे, हे कधी ध्यानात आलं नाही. आत्याला आजही बसवरची पाटी वाचता येत नाही. निलंग्याची गाडी कुठली, हे ती कंडक्टरला विचारते.

त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ मिळालं. १९७७ मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मला हे कलम फार आवडतं. लेकरू सांभाळणं म्हणजे काम, आणि त्याला खडी फोडण्याइतकाच रोज, हे त्यात साध्या भाषेत मान्य केलंय. आत्याला तो रोज कुणी दिला नव्हता.

टेकडीवरच्या दोघी

आत्यासारख्या मुलींकडं ज्यांचं लक्ष गेलं, त्या होत्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तिथंच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. शहरी पद्धतीची बालवाडी गावात चालेना. पोरं येत नव्हती. मग या बायका पोरांच्या अंगणात गेल्या, आणि 'अंगणवाडी' तिथून आली. आज देशभर तोच शब्द चालतो.

पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथं अडचण वेगळी होती. थोरली मुलगी शाळेत यायची तर कडेवर धाकटं, आणि नाहीतर यायचीच नाही, कारण घरी धाकटं. ताराबाई-अनुताईंनी मग 'विकासवाडी' केली. तान्ह्यांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि थोरल्यांची शाळा, सगळं एकाच आवारात. थोरलीनं यावं, धाकट्याला पाळण्यात ठेवावं आणि वर्गात बसावं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा नेली. पोरांना शाळेच्या वेळेत बसवण्यापेक्षा शाळा त्यांच्या वेळेत बसवली.

मी विकासवाडीबद्दल वाचलं ते त्या तिसरीतल्या मुलीला दुकानापुढं पाहिल्यानंतर. आधी वाचलं असतं, तर दहा रुपयांचा नियम केला नसता, असं म्हणणं सोपं आहे. कदाचित केलाही असता.

दुपारी बंद होणारं दार

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पहिले ३३ प्रकल्प, त्यात आपल्याकडचं मेळघाटातलं धारणी. आज गावोगाव अंगणवाडी आहे. खिचडी, वजन, लसीकरण यांनी किती लेकरं जगवली, हे वेगळं सांगायला नको. पण ती दुपारी बंद होते. तीन वर्षांखालच्यांना तिथं आहार आहे, बसायला जागा नाही. आईचा दिवस मात्र अंधार पडल्यावर संपतो.

यात सेविकेला दोष देण्यात अर्थ नाही. ती आजही पगारावर नाही, मानधनावर आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाचं २०२२ साल उजाडावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तो पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या हिवाळ्यात माझ्या खोलीत नऊची चौदा लेकरं झाली. आयांनी मला विचारलं, "काकू, ह्या बाया कधी उघडणार?" मी म्हणाले, "त्यांचंबी घर हाय की." तेव्हा ते सहज बोलून गेले.

कारण माझंही दार कधी लवकर बंद होतं. सासूबाईंना तपासणीसाठी लातूरला न्यायचं असलं, की मी दुपारी दोनला बंद म्हणून सांगते. त्या दिवशी कुणीतरी एक शिक्षिका अर्धी रजा टाकते आणि एक मजूर बाई अर्धा रोज सोडते. एकदा मी आदल्या रात्री निरोप दिला होता, तेव्हा शिलाईवाली चिडली, "आधी सांगायला काय झालं होतं?" तिचं बरोबर होतं. माझंही चुकलं नव्हतं. सासूबाईंची तारीख डॉक्टरनं त्याच दिवशी दिली होती.

दंडाची किंमत

इस्राएलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. दहा पाळणाघरं घेतली. त्यातल्या सहांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू केला. उशीर कमी होईल असं वाटलं होतं, तर तो जवळपास दुप्पट झाला. आधी पालकांना सांभाळणाऱ्या बाईची लाज वाटायची. आता पैसे भरले की झालं. पुढं दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही.

माझ्याकडं दोन्ही झालं. एक नोकरदार जोडपं आरामात सातला यायला लागलं, हसत वीस रुपये द्यायचं. आणि जिला उशीर टाळताच येत नव्हता, तिनं लेकरूच काढून घेतलं. एकाच नियमानं एकाला सवलत दिली आणि दुसरीच्या थोरलीची शाळा बुडवली.

मी त्या बाईच्या घरी गेले. ती ओशाळली. म्हणाली, "तुमचं खरंय काकू, तुम्हालाबी घर हाय. चाळीस जातात म्हणून ठेवलं पोरीला घरी. काढणी झाली की जाईल शाळंला." आत्याच्या वेळीही असंच ठरलं असेल, दुष्काळ सरला की जाईल म्हणून.

आता नियम असा आहे. सुगीच्या दोन महिन्यांत रानात जाणाऱ्यांची लेकरं आठपर्यंत राहतील, वर पैसे नाहीत. त्यांची आणि माझी, दोन्ही भाकरी एकाच तव्यावर. नोकरीवाल्यांसाठी सहा म्हणजे सहा, आणि महिन्याची फी शंभर रुपयांनी वाढवली. एका शिक्षिकेला हे पटलं नाही, तिनं लेकरू काढलं. मला ते लागलं. ते लेकरू माझ्या मांडीवर चालायला शिकलं होतं. लवकर बंद करायचं असलं, तर मी दोन दिवस आधी सांगते. नाहीच जमलं, तर शेजारच्या भाभी दोन तास बसतात, आणि त्या तासांचे पैसे मी त्यांना देते. त्या नको म्हणतात. मी देतेच.

थोरली दिवाळीनंतर शाळेत गेली. संध्याकाळी सुटली की सरळ माझ्याकडं येते, धाकटीशेजारी बसून पाढे म्हणते. परवा आत्या आली होती. तिनं विचारलं, "ही कुणाची?" मी सांगितलं. आत्या बराच वेळ तिच्या वहीकडं बघत बसली. मग म्हणाली, "मला माझं नाव लिहून दाखव म्हण की तिला."

थोरलीनं पाटीवर लिहून दिलं. आठ वाजून गेले, टमटम आला, दोघी बहिणी गेल्या. पाटी अजून पुसलेली नाही.